यजमानाची चूल

मिनोहारा गावात माणसाची उंची देवळाच्या पंगतीत मोजली जाई. शरदातल्या उत्सवाच्या दिवशी जुन्या घराण्यांचे मानकरी देवळापुढच्या लांबट पडवीत समोरासमोर दोन ओळींनी बसत. कोण कुणाच्या वर आणि कोण कुणाच्या खाली, हा वाद कुणाच्या तरी खापरपणजोबांच्या काळात भांडून मिटला होता. पुढच्यांनी फक्त बसायचं होतं. गोन्रोकुची जागा डाव्या ओळीत वरून तिसरी. तिथे बसलं की समोरच्या खांबाच्या लाकडातली एक काळी गाठ बरोबर डोळ्यांपुढे येई. त्याच्या वडिलांनी हीच गाठ पाहिली होती, आजोबांनीही. घराण्याकडे एकेकाळी तलवार होती. सरकारने खेडोपाडीच्या तलवारी गोळा केल्या तेव्हा ती गेली. आडनाव होतं, ते चारचौघांत उच्चारायची बंदी आली. उरली ती चटईभर जागा आणि समोरची गाठ.

मागोशिचीला ही गाठ कधी दिसेल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्याचा बाप गोन्रोकुच्या घरचा पिढीजात गडी. परसातल्या खोपटात राहायचा आणि मालकाच्या दारावरून जाताना पायातल्या वहाणा काढून हातात घ्यायचा. मालकाचा मुलगा आणि गड्याचा मुलगा एकाच हिवाळ्यात जन्मले. गोन्रोकुच्या आईला दूध आलं नाही, म्हणून गड्याची बायको ओताकी दाई होऊन घरात आली. तिचं दूध आधी गोन्रोकुला मिळे. पोटच्या पोराला उरलं तर ते, नाहीतर पेजेचं वरचं पाणी. न्यायाने पाहिलं तर मत्सर मागोशिचीने करायला हवा होता. पण मत्सराचा आणि न्यायाचा कधी परिचय झालेला नाही.

नदीकाठी वाळूची एक पट्टी होती. भात तिथे रुजत नसे, म्हणून गोन्रोकुच्या वडिलांनी ती कधीतरी खुशीत येऊन गड्याला देऊन टाकली होती. पुढे ओसाकाच्या बाजारात कापसाची मागणी वाढली आणि असं दिसून आलं की कापसाला ती वाळूच मानवते. मागोशिचीने समुद्राकडून वाळवलेल्या माशांचं खत आणून त्या पट्टीत घातलं. साऱ्या गावाने नाकाला फडकं लावलं. वर्षभरात गावाने फडकं काढलं आणि तेच खत विकत मागायला त्याच्याकडे गेलं. वयाच्या चाळिशीत मागोशिची आसपासच्या खेड्यांचा कापूस गोळा करून ओसाकाला पाठवत होता. ओढ्यापलीकडे त्याने घर बांधलं, घराला दरवाजा केला आणि दरवाजावर छप्पर घातलं. छपराचा दरवाजा बांधायचा मान त्या गावात फक्त पंगतीत बसणाऱ्यांना होता.

गोन्रोकु त्या दरवाजावरून जाताना वर पाहत नसे. पण छपराची कौलं किती जाड आहेत, हे त्याला माहीत होतं. मागोशिची वरून साधा निळा सुती अंगरखा घाली, शेतकऱ्याला साजेसा, त्याला रेशीम मना करणाऱ्या कायद्यात बसणारा. मात्र चालताना कड उलटली की आतलं रेशमी अस्तर चमके. ते गावात आणखी कुणाच्या नजरेस पडलं की नाही ठाऊक नाही. गोन्रोकुच्या नजरेतून ते एकदाही सुटलं नाही. मत्सर हा शब्द त्याने स्वतःसाठी कधी वापरला नाही. तो त्याला रीत म्हणे.

एका गोष्टीत मात्र तो मागोशिचीच्या वर होता. ओताकी त्याच्याकडे होती.

नवरा मेला, मुलगा श्रीमंत झाला, तरी ओताकीने गोन्रोकुच्या घरची चूल सोडली नाही. राखेखाली निखारा कसा झाकायचा आणि पहाटे तो कसा फुंकायचा, हे त्या घरात तिच्याइतकं कुणाला जमत नसे. चहाच्या पाण्यात शिजवलेली तिच्या हातची पेज खाल्ल्याशिवाय गोन्रोकुचा दिवस उजाडत नसे. दरवर्षी नव्या वर्षाच्या भेटीला मागोशिची येई, दारात मेणा उभा करी आणि आत येऊन तेच बोलणं बोले.

"आई, चल."

"कुठं?"

"घरी. तुझी खोली बांधून तयार आहे. दक्षिणेला तोंड आहे, दिवसभर ऊन येतं."

"ऊन इथंबी येतं," ओताकी चुलीपुढून न उठता म्हणे. "आणि तुझी बायको मला काडीला हात लावू देणार नाही. नुसतं उन्हात ठेवायला मी काय मुळा आहे वाळवायचा?"

शेगडीपाशी बसलेला गोन्रोकु हे ऐकत असे आणि चहाचा घोट सावकाश घेत असे. एकदा त्याला गप्प राहवलं नाही. "म्हातारी माणसं झाडासारखी असतात, मागोशिची," तो म्हणाला. "उपटून दुसरीकडे लावली की धरत नाहीत."

"झाड कुणाच्या अंगणातलं होतं आणि फळं कुणी खाल्ली, ते माझ्या ध्यानात आहे, गोन्रोकुसान," मागोशिची म्हणाला आणि वाकून नमस्कार करून निघून गेला.

बाप असेपर्यंत तो गोन्रोकुला 'धनी' म्हणायचा. छपराचा दरवाजा झाला आणि धनीचा बरोबरीचा गोन्रोकुसान झाला. नमस्कार पूर्वीइतकाच लवून होता, त्यामुळे तक्रारही करता येत नव्हती. रिकामा मेणा ओढ्यापलीकडे जाताना पाहणं हा गोन्रोकुच्या वर्षातला सर्वांत गोड क्षण असे.

पुढे त्याच्याकडे यजमानपद आलं. मानकऱ्यांपैकी एकेकाच्या घरी देव वर्षभर मुक्कामाला असे. एका उत्सवाला देवाची पेटी घरात यायची, पुढच्या उत्सवाला वाजतगाजत देवळात परत जायची, आणि त्या दिवशी यजमान पंगतीच्या शिरोभागी बसायचा. पाळी आयुष्यात एकदा येई. कित्येकांच्या आयुष्यात तीही येत नसे. गोन्रोकुच्या वडिलांची आली होती, पण उत्सव तोंडावर असताना घरात आजी वारली. देवाची पेटी त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी हलवली. वडील त्यानंतर बरीच वर्षं जगले, पण जेवताना मान खाली घालूनच जेवले.

यजमानाला वर्षभर वेगळी चूल असे. पुजाऱ्याने गारगोटीवर पाडलेल्या नव्या विस्तवाने ती पेटवायची, तिच्यावर फक्त यजमानाचं अन्न शिजायचं, तो विस्तव दुसऱ्या विस्तवात मिसळायचा नाही. विटाळ विस्तवातून पसरतो, अशी त्यांची श्रद्धा होती; सुतकातल्या घरचं नुसतं गरम पाणी प्यायलं तरी सुतक लागे. यजमानाच्या चुलीशी विटाळशी न होणारी म्हातारी बाई लागे. ओताकीने कमरेला नवं फडकं बांधलं आणि वर्षभर दोन चुली सांभाळल्या.

त्या उन्हाळ्यात देवळाचा सर्वांत जुना मानकरी क्यूबेई गोन्रोकुकडे आला. तो नेहमी बातमी सांगण्याआधी पंख्याने वारा घेई. यावेळी बराच घेतला.

"पंगतीच्या दाव्याचा कचेरीतून निकाल लागला," शेवटी तो म्हणाला. "देवळाचं छप्पर दुरुस्त करायला ज्यांनी पैसे दिले, त्यांना पंगतीत घ्यायचं."

"म्हणजे मागोशिचीला."

"अगदी शेवटी बसेल. दारापाशी. वारा लागतो तिथं."

"वारा त्याला फार पूर्वीपासून लागलाय."

क्यूबेई हसला नाही. "नव्या माणसाचा पहिला पेला यजमानाने आपल्या हाताने भरायचा असतो, गोन्रोकु."

"माहीत आहे."

"हो, तुला माहीत असणारच. आमच्यात रीतीचा माणूस तूच," असं म्हणून क्यूबेईने पंखा मिटला.

त्या दिवसापासून गोन्रोकुला उत्सव दिसे तो वेगळाच. आधी तो स्वतःला शिरोभागी बसलेला पाही. आता तो स्वतःला पंगतीच्या टोकाला, गुडघ्यावर, दारूची सुरई हातात धरून वाकलेला पाही. समोर मागोशिचीने दोन्ही हातांनी पेला धरलेला, आणि बाहीच्या कडेतून ते अस्तर. आयुष्यभर ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस या एका पेल्याने नासवला होता.

शेतांतला कापूस वेचून झाला आणि ओताकी आजारी पडली. प्रथम ती चुलीपुढे बसल्या बसल्या कलंडली. मग उठेनाच. गोन्रोकुची बायको ओमिने दोन दिवस तिच्या उशाशी होती. तिसऱ्या दिवशी ती फडक्याने हात पुसत बाहेर आली.

"दाईचं काही खरं नाही," ती म्हणाली. "पाणीसुद्धा घशाखाली उतरत नाही. वैद्य नाडी बघून गेला, पण फी न घेता गेला."

"उत्सवापर्यंत?"

"ते तिलाच विचारा," ओमिने म्हणाली. "सोय बघून मरेल बिचारी."

गोन्रोकु देवाच्या पेटीपुढे जाऊन बसला. ओताकी या छपराखाली गेली तर पेटी हलणार, वडिलांसारखीच त्याचीही मान कायमची खाली जाणार. हे भय त्याच्या मनात आधी आलं. मग त्याच्यामागून, दबक्या पावलांनी, दुसरा विचार आला. ती कुठेही मेली तरी मागोशिचीला सुतक लागणारच होतं. तो पोटचा मुलगा. सुतकातला माणूस पंगतीत बसू शकत नाही. प्रश्न एवढाच होता की छप्पर कुणाचं. ती ओढ्यापलीकडे गेली तर गोन्रोकुचं यजमानपद वाचत होतं, आणि तो पेला भरावा लागणार नव्हता. शिवाय आईला मुलाकडे पाठवणाऱ्याला नावं कोण ठेवणार? इतका सोपा मार्ग देवानेच दाखवला असावा, असं त्याला वाटलं. पेटी समोर असल्यामुळे तसं वाटणं सोपं होतं.

त्याच दुपारी तो ओढा ओलांडून मागोशिचीच्या छपराच्या दरवाजाखाली उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा. मागोशिची अंगणात कापसाचे गठ्ठे बांधून घेत होता. भुवयांवर कापसाचे तंतू चिकटले होते.

"ओताकीला घेऊन जा," गोन्रोकु म्हणाला. "किती झालं तरी आईची जागा मुलाच्या घरी."

मागोशिचीने हातातली दोरी खाली ठेवली. "किती बिघडलंय?"

"अशक्तपणा आहे."

"वैद्य काय म्हणाला?"

गोन्रोकुने गठ्ठ्यांकडे पाहिलं. चांगला कापूस होता, लांब धाग्याचा.

"उत्सवाला किती दिवस राहिले, गोन्रोकुसान?"

"तुला काय माहीत नाही?"

"मला माहीत आहे. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

अंगणातल्या माणसांचे हात थांबले. मागोशिचीने भुवया पुसल्या. "भिऊ नका," तो म्हणाला. "इतकी वर्षं मागतोय. आज देताय, तर घासाघीस करणार नाही."

तो अंगावरच्या कपड्यानिशी निघाला. गोन्रोकुने वाटेत मेण्याचं विचारलं, तर म्हणाला, "मेण्यात हिसके बसतात." घरी येऊन त्याने ओताकीला रजईसकट पाठीवर घेतलं. ओताकीने डोळे किलकिले केले आणि पाठ कुणाची आहे हे हाताने चाचपलं.

"गोन?" ती म्हणाली.

"नाही, आई. दुसरा."

गोन्रोकु दारात उभा राहून पाहत होता. लहानपणी त्या पाठीवर तो असे आणि मागोशिची मागून धावत असे. आज मागे तो होता, आणि धावताही येत नव्हतं. यजमानाला मरणाच्या वाटेवरच्या माणसामागून जायची मनाई होती.

त्या दिवसापासून यजमानाच्या चुलीवर ओमिनेची म्हातारी मावशी पेज शिजवू लागली. पेज चांगली होती. गोन्रोकुने ती कुत्र्याला घातली.

उत्सवाच्या दिवशी पेटी वाजतगाजत देवळात गेली. गोन्रोकु शिरोभागी बसला. तिथून खांबावरची गाठ दिसत नव्हती, याचं त्याला उगीच नवल वाटलं. लाल चवळीचा भात आला, अळकुड्या आल्या. मग क्यूबेईने खूण केली आणि गोन्रोकु सुरई घेऊन उठला; निदान टोकापर्यंत जाण्याचा उपचार तरी करायला हवा होता. दारापाशी चटई रिकामी होती. पेला पालथा ठेवला होता. वारा खरंच लागत होता.

"कधी गेली?" त्याने हलक्या आवाजात विचारलं.

"कोण?" क्यूबेई म्हणाला.

"ओताकी."

"गेली कुठे? काल दोन घास खाल्ले म्हणे. मुलगाच आला नाही. मी म्हटलं, सुतक नाही, विटाळ नाही, ये की बाबा, या जागेसाठी तू कचेरीचे उंबरे झिजवलेस. तर म्हणतो, आई हात धरून झोपलीय, सोडवून घेतला तर जागी होईल. जागा पुढच्या वर्षी बघू." क्यूबेईने खांदे उडवले. "बाईचा हात सुटत नाही म्हणून पंगत सोडणारा माणूस मी पहिलाच पाहिला."

कुणीतरी हसलं. गोन्रोकु पालथ्या पेल्यापुढे गुडघ्यावर बसून राहिला. त्याला हवं ते सगळं मिळालं होतं. पेला भरावा लागला नव्हता, मान राहिला होता. आणि ओढ्यापलीकडे, दक्षिणेच्या खोलीत, त्याचा हात कुणी धरलेला नव्हता. हा मत्सर आधीच्या साऱ्या मत्सरांहून निराळा होता. दरवाजाचं छप्पर, कौलं, अस्तर यांचं दुःख दातात अडकल्यासारखं होतं. हे दुःख खोल गेलं आणि तिथेच राहिलं.

ओताकी बरी झाली. हिवाळ्यात ती मागोशिचीच्या चुलीपुढे बसू लागली आणि सुनेशी मिठावरून भांडू लागली, अशा बातम्या येत. नव्या वर्षाला गोन्रोकुने मेणा ठरवला आणि ओढा ओलांडला.

"दाई, चल," तो म्हणाला.

"कुठं?"

"घरी."

ओताकीने चिमट्याने निखारा हलवला. "बाळा, तू पाठवलंस, मी आले. मला राग नाही. देवापुढं दाई कोण? पण या हाडांना आता सारखं सारखं उचलू नकोस."

"तिथली चूल कुणाला जमत नाही."

"ओमिनेला शिकवलंय मी सगळं. तुझी जीभच हट्टी आहे, लहानपणापास्नं."

मागोशिची शेगडीपाशी बसून चहा पीत होता. फार सावकाश पीत होता. "झाडं काही वेळा धरतात, गोन्रोकुसान," तो म्हणाला. सुनेने गोन्रोकुपुढे चहा ठेवला. गड्याच्या घरच्या विस्तवावरचं तो आजवर काही प्यायला नव्हता. तो घोट न घेता उठला आणि रिकाम्या मेण्यामागून घरी आला.

पण पुढच्या वर्षी तो पुन्हा गेला, आणि त्याच्याही पुढच्या. गावात ती थट्टाच झाली. नवं वर्ष आलं हे कोंबड्याआधी गोन्रोकुच्या मेण्यावरून कळतं, असं लोक म्हणत. मागोशिचीला पंगतीत जागा मिळाली. पेला दुसऱ्या यजमानाने भरला. पडवीत तिसऱ्या जागेवरून गोन्रोकु समोरच्या गाठीकडे न बघता दारापाशी बघे, आणि मागोशिची आदल्या रात्री नीट झोपलेला दिसला की त्याला वाटे, म्हातारी बरी आहे.

ओताकी गेली तेव्हा पुन्हा शरदच होता आणि उत्सव तोंडावर आला होता. पंगतीतले मानकरी सांत्वनाला आले आणि दरवाजाच्या छपराखाली उभ्या उभ्या बोलून परतले. आत गेलं, पाणी घेतलं, की यंदाची पंगत चुकणार. गोन्रोकु छपराखाली थांबला नाही. वहाणा काढून तो मातीच्या जमिनीवरून थेट चुलीपाशी गेला आणि बसला. चुलीवर पेज होती.

"वाढ," तो मागोशिचीच्या बायकोला म्हणाला.

ती नवऱ्याकडे पाहू लागली. मागोशिचीचे डोळे सुजले होते, पण आवाज सुका होता. "या चुलीवरचं खाल्लं तर तुमची जागा यंदा रिकामी राहील."

"राहू दे."

"तुम्हाला सुतक नाही, गोन्रोकुसान. ती तुमची कुणी लागत नव्हती."

"ते मला सांगायला क्यूबेई आहे. तू वाढायला सांग."

"दूध आधी तुम्ही प्यायलात. पाठ तुमची, चूल तुमची. आता सुतकातही वाटा हवा?"

"हवा," गोन्रोकु म्हणाला. "तुला एकट्याला का?"

मागोशिचीने स्वतः उठून पळी घेतली आणि दोन वाडगे भरले. पेज तिच्या हातची नव्हती. सुनेने शिजवलेली होती, मीठ कमी होतं. तरी चहाचा वास तोच होता. गोन्रोकु खाली मान घालून जेवू लागला, वडिलांसारखा. अर्ध्यावर आल्यावर त्याने मान वर करून मागोशिचीच्या वाडग्यात डोकावून पाहिलं आणि आपला वाडगा ओताकी बसायची त्या जागेकडे पुढे केला.

"त्याला जास्त वाढलीय," तो म्हणाला.